जानरावचा लाल टॅग

व्हरांड्यात एक बल्ब लावायचा होता, बस. एक बल्ब, एक होल्डर, आठ-दहा हात वायर आणि एक बटन. एवढ्याशा कामासाठी माझं घर दोन दिवस अंधारात बसेल, रिसालीहून बैलगाडीत घालून इंजिन आणावं लागेल आणि सुरक्षा सप्ताहात भाषणाचं दुसरं बक्षीस मिळवलेल्या माझ्यासारख्या माणसाची अर्ध्या सेक्टरभर शोभा होईल, असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी कंदील पुसून गप्प बसलो असतो. पण आधी कोणी सांगत नाही. सल्ला देणारे सगळे नंतर उगवतात.

बल्ब बाबांसाठी होता. आमगावजवळचं आमचं गाव सोडून मी भिलाईच्या कारखान्यात स्टोअर क्लार्क झालो त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांत बाबा एकदाही आले नव्हते. शेवटी मी पत्रात लिहिलं, की इथे आपल्या क्वार्टरमध्ये भिंतीवरचं बटन दाबलं की दिवा लागतो. तेल नाही, वात नाही, काडी नाही. ते पत्र माझ्या धाकट्या भावाने, भय्याजीने, पारावर बसून मोठ्याने वाचलं. कशाला वाचायचं ते मोठ्याने? सारा पार हसला. "केवल्या फोकनाड मारून राहिला," म्हणे. त्यावर बाबा धोतर झटकून उठले आणि म्हणाले, "माझा पोरगा खोटं बोलत नाई. पन मी पाह्यलं नाई ते मी सांगत नसतो. जातो, पाहातो, मंग सांगतो."

भय्याजीचं उत्तर आलं, की बाबा सोमवारी दुपारी पोचतील आणि मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने परत निघतील, कारण धान कापणीला आलं आहे. म्हणजे माझी अब्रू, बाबांची अब्रू आणि विजेची अब्रू, तिन्हींसाठी मिळून एक संध्याकाळ.

आता खरं सांगायचं तर घरात दोन बल्ब होतेच, चाळीस-चाळीसचे, आणि ते बिचारे नीट जळत होते. पण माझ्या डोक्यात घुसलं की बाबांना रस्त्यावरूनच लखलखाट दिसला पाहिजे. व्हरांड्यात शंभरचा बल्ब पाहिजे.

"मामाजी दुपारी येऊन राहिले ना?" माझी बायको कौशल्या म्हणाली. मामाजी म्हणजे बाबा. "दुपारी कोन पाहाते बल्ब?"

काही माणसांना भव्यता कळतच नाही, त्याला इलाज नाही.

रीतसर करायचं तर अर्ज तीन प्रतींत द्यायचा, मग तपासणी, मग मंजुरी, मग माणूस. पंधरा दिवस कुठेच गेले नाहीत. बाजूच्या क्वार्टरमधला फकिरा, कारखान्यात क्रेन चालवतो, तो म्हणाला, "जानराव मेश्रामले बोलव. रोलिंग मिलचा इलेक्ट्रिशियन आहे, मरोद्याले राहाते. आइतवारी सुट्टी असते त्याले. फक्त काम करताना त्याच्याशी बोलू नको."

रविवारी सकाळी जानराव सायकलवर आला. उंच, सुकडा माणूस, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी. व्हरांड्यातल्या जागेकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तडक आतल्या मेन स्विचपाशी गेला आणि त्याला कान लावून उभा राहिला. मी चहा घेऊन उभा. बराच वेळ झाला.

"ऐकू येते का?" त्याने विचारलं.

मीही कान लावला. आत कोणी तरी हलक्या हाताने शेंगा फोडतं आहे असा आवाज येत होता. तीन वर्षं ह्याच भिंतीशेजारी मी जेवून राहिलो होतो आणि मला पत्ता नव्हता.

"चटचट करून राह्यलं. तार जळली आहे आतमधे," जानराव म्हणाला. "बल्ब मंग पाहू. पह्यले हे."

मग त्याने मेनची दांडी पाडली, पिशवीत हात घातला आणि एक लाल पुठ्ठा काढून सुतळीने दांडीला बांधला. 'आदमी काम पर है. स्विच चालू मत करो.' खाली त्याने आपलं नाव लिहिलं, तिकीट नंबर लिहिला, तारीख घातली आणि पुठ्ठा माझ्यापुढे धरला. "शटडाऊन देनाऱ्याची सही."

माझ्याच घरात माझी सही! मी अगदी वळणदार केली. केवलराम शिवणकर. छाती जरा फुगलीच, खोटं कशाला बोलू.

हा टॅग काय असतो, ते बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. कारखान्यात एखादा माणूस तारेवर किंवा यंत्रात काम करायला गेला की तो स्विचला टॅग बांधून जातो. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. फोरमन असो की मोठे साहेब, दुसऱ्या कोणी त्याला बोट लावायचं नाही. का, ते ह्याच विषयावरच्या माझ्या भाषणात मी पंचवीस मिनिटं सांगितलं होतं. त्यासाठी मला थर्मास मिळाला. स्टोअरात बसून मी स्वतः कधी वायरला हात लावलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

जानरावने दोन तास मन लावून काम केलं. जळकी वायर काढली, नवीन टाकली, व्हरांड्यात स्टूल घेऊन चढला. तोंडात स्क्रू पिळायचा पेचकस धरलेला, आणि बाहेर जीप येऊन करकचून थांबली.

"जानराव! मिलमधे ब्रेकडाऊन! चल!"

तो स्टुलावरून उतरला, पिशवी उचलली, तोंडातला पेचकस काढून "येतोच" म्हणाला आणि जीपमध्ये बसून गेला. सायकल माझ्या दारात. स्टूल व्हरांड्यात. टॅग मेनवर.

संध्याकाळ झाली तरी जानराव आला नाही. कौशल्याने कंदील लावला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हळूच मेनपाशी गेलो. हात वर केला. नुसता केला, देवाशपथ! तेवढ्यात दारातून फकिराचा आवाज आला, "हात मांगं घे, केवलभाऊ!"

त्याच्या मागे त्याची बायको सिंधुताई होती आणि तिच्या मागे आमच्या क्वार्टरांची अख्खी लाईन. अंधार पाहून सगळे विचारपूस करायला आले होते. एकेक जण कंदील उचलून टॅग वाचून गेला. कोणी म्हणालं, अक्षर चांगलं आहे. कोणी म्हणालं, सही मोठी झाली. सिंधुताई म्हणाली, "अजी, टॅग राहू द्या लटकलेला, अन् तशीच दांडी चढवा ना वर. पुठ्ठ्याले काय समजते?" त्यावर फकिराने तिच्याकडे असं पाहिलं की ती गुपचूप पदर सावरून कौशल्याजवळ जाऊन बसली.

"तुमी तर थर्मासवाले," फकिरा जाताना मला म्हणाला. "तुमाले काय सांगाचं?"

सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा विजेच्या तक्रारींचं ऑफिस गाठलं. तिथल्या बाबूने माझं सगळं ऐकून घेतलं, पान थुंकून आला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाला, "टॅग हमारे आदमी का नहीं है. हम कैसे निकालेंगे? आप लिख के दे दो कि कंपनी के क्वार्टर में बिना इजाजत बाहर का आदमी लगाया. फिर इंक्वायरी होगी. इंक्वायरी में टॅग भी निकल जाएगा." मी म्हणालो, लिहिण्याची काही आवश्यकता नाही, मी सहज चौकशीला आलो होतो. त्याने दिलेला कागद मी घडी करून खिशात घातला आणि बाहेर येऊन फाडला.

तिथून रोलिंग मिल. जानराव केबलच्या बोगद्यात खाली होता, कालपासून वर आलाच नव्हता. मी बोगद्याच्या तोंडाशी बराच वेळ उभा राहिलो. तिथल्या स्विचवर तसेच चार लाल टॅग लटकत होते, आणि त्यातल्या एकावर तेच अक्षर. आत जाणाऱ्या एका मदतनीस खलाशाजवळ मी निरोप दिला, "म्हणावं, शिवणकर आले होते, टॅगसाठी." थोड्या वेळाने उत्तर आलं, "जानराव म्हणते, इसरलो नाई."

बस. एवढंच. इसरलो नाई! त्या उत्तराचं मी काय करू? फ्रेम करून भिंतीवर लावू?

दुपारी बाबा आले. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, हातात लोटा, आणि नजर छताला. पाणीही न पिता त्यांनी वायर कुठून येते ते शोधून काढलं आणि दाराबाहेर खांबापर्यंत जाऊन आले. मग प्रश्न सुरू झाले. तार आतून पोकळ असते का? नसते तर त्यातून जाते काय? गेलेलं परत येते का? बाबा तार पाहात होते आणि मी बाबांना पाहात होतो. मला वाटलं होतं ते नाक मुरडतील. पण त्यांचं तोंड जत्रेत हत्ती पाहणाऱ्या पोरासारखं उघडं होतं.

"हेच का ते बटन?"

"हव, बाबा."

त्यांनी धोतराला बोट पुसलं आणि बटन दाबलं. वर पाहिलं. पुन्हा दाबलं. माझ्याकडे पाहिलं.

मग मी टॅग वाचून दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली.

"म्हंजे हा पुठ्ठा काढला का दिवा लागते?"

"हव."

"मंग काढ ना."

"नाई काढता येत, बाबा."

"कावून?"

मी अख्खं भाषण दिलं. पंचवीस मिनिटांचं, हातवाऱ्यांसकट. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो मानूस इथं घरात आहे का?"

"नाई."

"तारेवर आहे का?"

"नाई. तो मिलमधे आहे."

"मंग इथं दिवा लावला तर मरते कोन?"

ह्याचं उत्तर माझ्या भाषणात नव्हतं. परीक्षकांनीही विचारलं नव्हतं. मी थर्मासकडे पाहू लागलो.

फकिरा दारात उभा होताच. तो म्हणाला, "बाबाजी, त्यानं कोनता जोड उघडा ठेवला, कोनता बांधला, हे आपल्याले मालूम नाई. त्यालेच मालूम. मालूम नसलं का हात लावाचा नाई."

बाबा मेनसमोर खाली बसले आणि टॅगकडे बघत राहिले.

संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले. मी घाईघाईने बाबांना बाहेर नेलं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर सरकारचे. सरकारपाशी काय नाई?" फकिरा आपल्या घरात घेऊन गेला, बटन दाबून दाखवलं. बाबांनी नमस्कार केला, बल्बला की फकिराला ते कळलं नाही, आणि परत येऊन म्हणाले, "दुसऱ्याच्या घरचं मी पारावर काय सांगू? ते म्हनतील, फकिराच्या घरी आहे, केवल्याच्या कुठं आहे?" फकिरा म्हणाला, मी माझ्या घरून वायर ओढून देतो. पण उसन्या विजेवर मी माझ्या बापाला दिवा दाखवू? मलाही काही इभ्रत आहे.

भाड्याने आणलेली गोष्ट मात्र तेवढ्या वेळापुरती आपलीच असते, असा मी विचार केला, आणि मला भैयालाल आठवला. हा रिसालीचा भोंगेवाला. लग्नात वाजवायला त्याच्याकडे भोंगा होता आणि भोंगा चालवायला एक जनरेटर. गावात वीज नव्हती, म्हणून त्याचं भागत होतं. निरोप धाडला तसा तो इंजिन बैलगाडीत घालून हजर झाला. येताना इंजिन बिघडलेलं आहे हे मात्र त्याने इथे पोचल्यावर सांगितलं.

"फिकर झन कर भैया, चल जाही," तो आपल्या छत्तीसगढीत म्हणाला. चल जाही म्हणजे चालेल; नऊ वेळा चल जाही म्हणाला. दोरी ओढायचा, इंजिन खोकायचं आणि बंद पडायचं. मग सगळी लाईन दुरुस्तीला लागली. क्रेनवाल्याने प्लग काढला, फिटरने घासला, आणि गॅसने लोखंड कापणारा होता त्याला सगळ्यांनी मिळून दूर उभं केलं. पेट्रोलची नळी चोंदली आहे असं ठरलं तेव्हा फकिराने ती तोंडात धरून फुंकायच्या ऐवजी ओढली. कौशल्या गूळ घेऊन धावली. त्यानंतर पंधरा मिनिटं फकिरा बोलला नाही आणि कोणी त्याच्याजवळ बिडी ओढली नाही.

टॅग लागलेल्या घरात दुसरीकडून करंट आणायचा नाही, हेही नियमात येते, म्हणून बल्ब बाहेर कडुनिंबाला टांगला. शंभरचा, नवा कोरा. बाबा समोर खाटेवर बसून होते. इंजिनाचे चाळे बघत बघत त्यांनी तासभर काढला. शेवटी म्हणाले, "मी जरा जाऊन येतो," आणि लोटा घेऊन मैदानाकडे निघाले. घरात पाण्याचा संडास आहे असं मी ओरडून सांगितलं, पण ते ऐकणारे नव्हते.

आणि तेव्हाच इंजिन लागलं!

काय तो आवाज! काय तो धूर! आणि बल्ब! आधी लाल, मग पिवळा, मग पांढरा, मग इतका पांढरा की सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. भैयालाल नाचायला लागला. मी "बाबा! बाबा!" म्हणून मैदानाकडे धावलो. तेवढ्यात फट्ट झालं. बल्ब फुटला, पट्टा तुटला आणि इंजिन बसलं ते बसलंच.

बाबा लोटा हलवत अंधारातून आले. "कावून ओरडून राह्यला? साप निघाला का?"

त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात आम्ही जेवलो. बाबा म्हणाले, "जाऊ दे. कंदील बी चांगला आहे." मला रडू आलं, अगदी खरोखरचं. भाताकडे पाहात मी ते गिळलं.

मंगळवारी सकाळी बाबांनी गाठोडं बांधलं. मी स्टेशनवर पोचवायला निघणार, तर दारात जानराव. रविवारचेच कपडे, पण काळे पडलेले, डोळे लाल, आणि चालत आलेला, कारण सायकल माझ्याकडे. गेटमधून निघून तो घरी न जाता सरळ इथे आला होता.

"माझा टॅग राह्यला होता तुमच्याइथं," एवढंच तो म्हणाला. आत गेला, सुतळी सोडली, दांडी चढवली.

"बाकी काम किती राह्यलं?" मी विचारलं.

"काई नाई. काम तर परवाच झालतं. बल्ब लावाचा होता फक्त."

कौशल्या माझ्याकडे पाहात होती. फकिरा दोन वेळा खाकरला, अजूनही पेट्रोलचा वास येत होता. सिंधुताई हळूच म्हणाली, "मी तर म्हणत होती बाप्पा."

आणि बाबा हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. खांदे हलवून हसले, खाली बसून हसले. मग डोळे पुसून जानरावला म्हणाले, "पन कोनी हात लावला नाई, बरं का. मी पाहात होतो. दोन रात्री अंधारात बसले, पन कोनी हात लावला नाई."

जानरावने एकदा टॅगकडे पाहिलं, एकदा आमच्या साऱ्या गर्दीकडे, आणि मटकन खाली टेकला. बाबांनी आपला लोटा भरून त्याच्यापुढे धरला. गावी बाबांचा लोटा कोणाच्या ओठाला लागलेला मी पाहिला नाही. मला स्वतःला त्यातून पाणी मिळालेलं नाही. जानराव क्षणभर थांबला, "मेश्राम आहो मी, बाबाजी," म्हणाला. बाबा म्हणाले, "हव, वाचलं ना पोरानं, लिहिलं आहे त्याच्यावर. प्या." तो गटागटा प्याला.

गाडीला वेळ थोडा होता आणि बाहेर लख्ख ऊन. उजेडात उजेड काय दिसणार? मग दार लावलं, खिडक्यांवर गोधड्या लटकवल्या, आणि त्या काळोखात आमची सगळी लाईन एकमेकांच्या पायावर पाय देत उभी राहिली.

"दाबा, बाबा."

दिवा लागला. व्हरांड्यातला शंभरचा नव्हे, आतला जुना चाळीसचाच. बाबांनी बंद केला. लावला. बंद केला. अकरा वेळा. प्रत्येक वेळी ते वर न पाहता आमच्या तोंडांकडे पाहात होते, की हे सगळे खरंच दिसतात का. बाराव्या वेळी त्यांनी तो चालूच ठेवला आणि म्हणाले, "हं. आता सांगतो."

निघताना त्यांनी जानरावजवळ तो पुठ्ठा मागितला. खात्याची वस्तू, देता येत नाही, असं मी सांगायला तोंड उघडलं होतं; पण जानरावने तो घडी न करता त्यांच्या हातात दिला.

उन्हाळ्यात भय्याजीचं पत्र आलं. बाबा पारावर दिव्याचं एकदाच बोलले, म्हणे, की "आहे, मी पाह्यला." त्यानंतर सहा महिने ते फक्त पुठ्ठ्याचं सांगून राहिले होते. आणि आता विहिरीचा गाळ काढायला माणूस खाली उतरला, की बाबा तो लाल टॅग रहाटाला बांधतात. वरून कोणी बादली सोडायची नाही. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. मागच्या साली बादली डोक्यात पडून मथुराबाईचा नवरा मरता मरता वाचला होता, त्यामुळे गावाने मुकाट्याने ऐकलं. आमची ती विहीर अशी, की मेश्राम आडनावाच्या माणसाला तिथे पाणी भरू देत नव्हते. आता त्याच रहाटावर जानराव मेश्राम, तिकीट नंबर अमुक, असं लिहिलेलं लटकत होतं, आणि त्याला बोट लावायची पाटलाचीही छाती नव्हती.

पत्राच्या शेवटी भय्याजीने घाईघाईने लिहिलं होतं, 'गाळ काढून मानूस सकाळीच वर आला. पण बाबा टॅग सोडाले इसरून आमगावच्या बाजाराले गेले. दुपार झाली. सारे लोक पाण्याचे गुंड-घागरी घेऊन विहिरीपाशी उभे आहेत, पाटलाची गयाबाई पन. कोनी हात लावाले तयार नाई. तू शिकलेला आहे, कारखान्यातला आहे. आता काय कराचं ते कळव.'

पत्र पोचायला चार दिवस लागले होते. बाबा त्याच संध्याकाळी बाजारातून परतले असणार, हे मलाही कळत होतं. तरी मी बटन दाबलं, दिव्याखाली बसलो आणि उलट टपाली उत्तर लिहिलं: 'हात लावू नका. बाबांलेच येऊ द्या.'